मागवलं शिपायाचं शिरस्त्राण, आलं सरदाराचं

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : शिरस्त्राण वर्णनाप्रमाणे नसल्याबाबत

महोदय,

मी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायरला राहतो. तुमचा कारखाना आपल्याकडचा, म्हणून मराठीतच लिहितोय. इंग्रजीत दोनदा लिहून झालं, पण 'डियर कस्टमर'च्या पुढे उत्तर सरकलं नाही.

इथल्या यादवी युद्धातल्या (१६४२ ते १६५१) लढाया हौशी मंडळी आजही मैदानावर उभ्या करतात. आमच्या तुकडीत मी १६ फुटी भाला धरतो. त्यासाठी तुमच्याकडून 'भालाईताचं शिरस्त्राण, १६४५' मागवलं. आलं ते आरशासारखं चकचकीत, वर काठाला पितळी वेलबुट्टी! अहो, याच युद्धातल्या १६४५ च्या नेझबीच्या लढाईत साध्या शिपायाला वेलबुट्टी कोण देणार? हा सगळा घाऊक माल. टोपाचे दोन अर्धे भाग वेगवेगळे ठोकायचे आणि मधल्या उभ्या कण्यावर जोडायचे, की काम उरकलं. अशा स्वस्त मालाला पॉलिशही सहसा नसायचं. गंज धरू नये म्हणून बऱ्याचदा वरून काळा रंग फासलेला असे. तुमच्या कारागिराने तो जोड घासून घासून पार नाहीसा केलाय. हात चांगला आहे त्याचा, पण मला तो जोडच हवा होता.

दुसरं रिव्हेटांचं. टोपाच्या तळाशी रिव्हेटांची रांग असते ती शोभेला नव्हे. आतली पट्टी त्यांनी धरलेली असते आणि पट्टीला अस्तर शिवलेलं असतं. तुमचे रिव्हेट नुसते डिंकाने चिकटवलेत. पहिल्याच दिवशी दोन गालिच्यावर पडले, मागे भोकसुद्धा नाही. अस्तराच्या जागी फोमचा तुकडा. मान वळवली की टोप जागेवरच राहतो, डोकं तेवढं आत फिरतं. गालपट्ट्या फोटोत आहेत, खोक्यात नाहीत.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं, "सर, हे प्रीमियम मॉडेल आहे, त्याच किमतीत दिलंय." माझी तक्रार तीच तर आहे.

तेव्हा काळं, जोड दिसणारं, अस्तर आणि गालपट्ट्या असलेलं शिरस्त्राण बदलून द्या. नाहीतर टपालखर्चासह पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत करा. पावती आणि फोटो जोडले आहेत. निखळलेले दोन रिव्हेट पाकिटात घालून ठेवलेत, मालाबरोबर परत येतील.

आपला,
एक भालाईत ग्राहक