शहा परत आणायचा तर आधी फौज कुणाची ते लिहा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

इराणच्या बातम्या आल्या की पेपरात काय आणि इथं राजवाड्यावर चहा पिताना काय, एक विषय हमखास निघतोच, की तिथं मुल्लांच्या जागी परत शहा आणला तर काय बिघडलं, इंग्लंडसारखा नावाला राजा ठेवायचा आणि राज्य पार्लमेंटनं करायचं. परदेशातले बरेच इराणी पण 1979 ला देश सोडून गेलेल्या शहाच्या मुलाकडं, रझा पहलवींकडं, बघून असंच बोलतात. आम्ही सातारकर, गादीचा मान म्हणजे काय ते आम्हाला कुणी सांगायला नको, पण गादीला मुजरा वेगळा आणि तलाठ्याकडचा सातबारा वेगळा हे इथल्या शाळकरी पोराला पण कळतं. त्यामुळं राजा हवा की नको यात मला पडायचं नाही, नव्या घटनेचा मसुदा कसा करायचा यावर बोलतो.

कारण अशी राज्यघटना इराणकडं आधी होतीच की! 1906 च्या उन्हाळ्यात तेहरानचे व्यापारी, मदरशातली पोरं, बाजारातले कारागीर असे हजारो लोक ब्रिटिश वकिलातीच्या बागेत तंबू ठोकून बसले, तेव्हा कुठं मुझफ्फरुद्दीन शहानं मजलिस, म्हणजे तिथली संसद, मान्य केली, वर्षाअखेरीस घटनेवर सही केली आणि थोड्याच दिवसांत बिचारा वारला. 1907 ला पुरवणी जोडली, त्यात बरंचसं बेल्जियमच्या 1831 च्या घटनेवरून घेतलेलं. राजपद ही लोकांनी राजाकडं सोपवलेली ठेव आहे, जबाबदारी सगळी मंत्र्यांची, आणि मंत्र्याला राजानं तोंडी सांगितलं होतं किंवा लिहून दिलं होतं म्हणून हात झटकता येणार नाहीत, असं सगळं त्यात होतं. आजच्या आपल्या मंत्र्यांना पण लागू करावं असलं कलम आहे हे.

पण त्याच पुरवणीत कलम 50 पण होतं, सगळ्या लष्कराचा सरसेनापती राजा. माझ्या मते सगळं तिथंच गंडलं. नव्या शहानं, मोहम्मद अलीनं, 1908 च्या जूनमध्ये रशियन कर्नल ल्याखोवच्या कोसॅक तुकडीकडून मजलिसच्या इमारतीवर तोफा डागल्या, मग तबरीझचे लोक सत्तार खानच्या मागं उभे राहिले, महिनोन्‌महिने वेढा सोसला, आणि 1909 ला शहाला हाकलून त्याच्या लहान पोराला गादीवर बसवलं, ते कलम मात्र तसंच राहिलं. 1952 च्या जुलैत मोसद्दिक म्हणाले मी पंतप्रधान आहे तर युद्धखातं माझ्याकडं द्या, तेव्हाचा शहा, म्हणजे रझा पहलवींचे वडील, नाही म्हणाला, मोसद्दिकांनी राजीनामा टाकला, लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि शेवटी शहाला ते खातं द्यावं लागलं. पण 1953 च्या ऑगस्टमध्ये मोसद्दिकांच्या बडतर्फीचं फर्मान घेऊन रात्रीचं कोण गेलं, तर शाही गार्डचा कर्नल! मागं अमेरिका-ब्रिटन होतेच, पण ऐनवेळी वर्दीतली माणसं राजाला आपला मालक समजत होती हे पण तेवढंच खरं. नुसत्या कागदाचं काय होतं ते आम्ही पण बघितलंय, 1819 चा तह असून इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना 1839 ला गादीवरून काढलं आणि 1848 ला राज्यच खालसा केलं.

म्हणून नव्या मसुद्यात फौजेची शपथ घटनेची, राजाची नाही, सेनापतीची नेमणूक मंत्रिमंडळाकडं, लष्कराचं बजेट दरवर्षी मजलिसपुढं. आणि मजलिस बरखास्त करायचा हक्क राजाकडं अजिबात नको, 1949 ला तो शहानं घटना बदलून मिळवला होता. मौलवींचं पण तसंच. 1907 ला कायदे तपासायला किमान पाच मुज्तहिदांची, म्हणजे धर्मशास्त्र जाणणाऱ्या मोठ्या मौलवींची, समिती लिहिली होती, ती कधी नीट चाललीच नाही, मजलिसचे कायदे अडवू शकणारी आजची 12 जणांची पालक परिषद मात्र जोरात चालते. त्याऐवजी साधं घटना न्यायालय करा.

प्रांतांच्या कौन्सिलांची कलमं पण जुन्या पुरवणीत होती, तेहराननं ती कधी धड चालू दिली नाहीत आणि कुर्द, बलुच, अझरी लोकांचं रडगाणं आजपर्यंत चालूय. इथं आपलं औंध आठवतं. भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 ला स्वतःहून सत्ता सोडली, मसुद्याला गांधीजींचा सल्ला आणि मॉरिस फ्रिडमन नावाच्या पोलिश इंजिनियरची मदत, आणि रचना खालून वर, आधी गावची पंचायत, मग तालुका, मग वरची सभा. छोटं संस्थान होतं, इराण केवढा, शिवाय तिथं राजा मनानं दिलदार निघाला हे पण आहे, तसा दरवेळी मिळेलच असं नाही. पण गावापासून सुरू करायचं हे घेण्यासारखं आहे.

वारसाहक्काचं तर हसूच येतं. जुन्या घटनेत नियम असा, की युवराजाची आई मूळची इराणीच पाहिजे. याच शेवटच्या शहाचं, तो युवराज असताना, 1939 ला इजिप्तच्या राजकन्येशी, फौझियाशी लग्न, तर मजलिसनं कायदा करून तिला इराणी ठरवून टाकलं, एवढा खटाटोप केला आणि झाली मुलगी, शहनाझ. मुलीला गादी नाहीच! नंतर 1967 ला पुढच्या राणीला, फराहला, मुलगा सज्ञान होईपर्यंत कारभार बघायची सोय केली, पण मुलीला वारस करायचं काही कुणाला सुचलं नाही. नव्या मसुद्यात राजा ठेवणारच असाल तर पहिलं अपत्य गादीवर, मुलगा की मुलगी बघायचं नाही आणि आईचं मूळ पण विचारायचं नाही.

आपला,
एक वाचक, सातारा