कूलरच्या घरघरीतलं फ्रेंड्स

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

जुन्या अमेरिकन सिटकॉममधलं ते मागून येणारं हसणं आजकालच्या पोरांना फार खुपतं. माझी मुलगी म्हणते, बाबा, कुठे हसायचं हे पण तेच सांगणार, आम्ही काय ढ आहोत का. आता तिला काय सांगू, आम्ही होतो ना ढ! मे महिन्यातलं नागपूर, खिडकीत कूलर फुल स्पीडवर, केबलवर फ्रेंड्स लागलेलं, सबटायटल वगैरे काही नाही, आपलं इंग्रजी मराठी मीडियमचं, त्यात चँडलर काय पुटपुटला ते कूलरच्या घरघरीत अर्धं कळायचंच नाही, मग मागचे लोक हसले की आपण पण हसून घ्यायचं आणि जोक काय होता ते दुसऱ्या दिवशी कॉलेजात कोणाला तरी विचारायचं. आतल्या खोलीतून वडील ओरडायचे, काय झालं बे एवढं दात काढाले?

त्याआधी हिंदीत डब केलेली जीनी पाहायचो, ती 1965 ची मालिका आहे हे कुठे माहीत होतं, आम्हाला तं नवीनच वाटायची.

पण मुद्दा असा की ते सगळंच हसणं डब्यातलं, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून मागे चिकटवलेलं नव्हतं. 1951 ला आय लव्ह ल्युसी सुरू झाली तेव्हा समोर खरे प्रेक्षक बसवून एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर शूट करायचे. म्हणजे नाटकच की. आपल्या देशपांडे सभागृहात लाफ्टर आला की नट कसा पुढचं वाक्य धरून ठेवतो, तसंच. यूट्यूबवर लोक हे हसणं काढून टाकून सीन टाकतात आणि म्हणतात बघा किती बोअर आहे, अरे बाप्पा, हसण्यासाठी सोडलेली जागा तुम्हीच रिकामी केली तं नट येड्यासारखा उभा दिसणारच ना.

डब्यातलं हसणं वापरणारे पण होते, मॅश नावाच्या मालिकेत होतं. पण कोरियन युद्धातलं हॉस्पिटल ना ते, तर ऑपरेशनच्या सीनला हसणं टाकायचं नाही हे बनवणाऱ्यांनी चॅनलकडून कबूल करून घेतलं होतं. 1983 ला त्याचा शेवटचा एपिसोड अमेरिकेत 10 कोटींच्या वर लोकांनी एकाच रात्री पाहिला.

जुनं सगळं सोनं होतं असं मी म्हणत नाही. फ्रेंड्समधल्या मोनिकाच्या जाडेपणावरचे जोक आज फालतू वाटतात, आणि न्यूयॉर्कसारख्या शहरात सगळी गँग गोरीच कशी, याबद्दल तर 2022 मध्ये निर्माती मार्टा कॉफमननेच चूक कबूल केली. आणि द ऑफिसमध्ये मागे कोणी हसत नाही तरी मी पोट धरून हसलो, जिमने नुसतं कॅमेऱ्याकडे पाहिलं तरी पुरे.

पण द बेअर? किचनमध्ये सगळे एकमेकांवर ओरडतात, रडतात, कोणी मेलेलं असतं, आणि एमी, म्हणजे तिकडचा टीव्हीचा मोठा पुरस्कार, कशाची मिळाली तर कॉमेडीची! सिरीज चांगली आहे हो, पण मला बीपीची गोळी आठवली. त्यात पहिल्या सीझनला एपिसोड आठ. जुन्या मालिकांचे वर्षाला बावीस-चोवीस असायचे, ती माणसं दर आठवड्याला घरी यायची, कधी कधी काही न करता नुसती सोफ्यावर बसायची, आणि तेच आवडायचं. आता दोन रात्रीत संपतं. मुलगी कानात इअरफोन घालून बघते, हसली की नाही ते पण कळत नाही, नाकातून एक हं येतो फक्त.

मागच्या रविवारी तिला जबरदस्तीने बसवलं माझ्यासोबत फ्रेंड्स बघायला. कूलर चालूच होता म्हणून तिने सबटायटल लावले. झालं, चँडलरने तोंड उघडायच्या आधीच जोक खाली लिहून आला, ती वाचून हसून मोकळी, मागचे लोक नंतर हसले, आणि मी सगळ्यात शेवटी, कारण चष्मा आतल्या खोलीत राहिला होता.

आपला,
एक जुना वाचक, प्रतापनगर, नागपूर