नाना, ती चिठ्ठी बाटलीतच राहणार

नाना, रामराम.

तुमच्या बांधावरच्या वाणीचं, म्हणजे त्या पुष्कळ पायांच्या किड्याचं, नवी जात म्हणून वर्णन लिहून झालं आणि तपासणीला गेलं. छापून येईल तेव्हा कागद घेऊन येऊच, पण तोवर गप्प राहवत नाही, म्हणून हे आभार चारचौघांत लिहितो आहोत.

आभार वाण्यांसाठी नाहीत. पहिला पाऊस झाला की सातपुड्याच्या पायथ्याला त्या टोपलीभर मिळतात. हात लावला की गुंडाळी होते, म्हणून कुणी त्यांना पैसाही म्हणतं. कपाशीचे कोवळे कोंब कुरतडतात म्हणून शिव्या खातात, पण एरवी कुजका पाला खाऊन त्याची माती करतात. आभार आहेत ते त्या चिठ्ठीसाठी. नातवाच्या वहीचं अर्धं पान, त्यावर शिसपेन्सिलीने लिहिलेलं आणि तुम्ही वाण्या पाठवल्या त्या बरणीच्या आत पाल्यावर ठेवलेलं: "अंजनना झाडखाल, पालामा. रातना दहा. पानी पडी गयं." खाली तारीख आणि शेताचा गट नंबर.

नाना, तुम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं. ज्यांना शिकवलं होतं त्यांचं सांगतो. एका कपाटातून एक बाटली आली होती. बाहेर चिकटपट्टी, त्यावर बॉलपेनने लिहिलेलं. अल्कोहोल सांडलं, शाई विरघळली, उरला फक्त निळा डाग. दुसऱ्या बाटलीवर नुसतं 'जळगाव जिल्हा'. जिल्ह्यात तापीचा काठही आला आणि यावलचं जंगलही, शोधायचं कुठे? शिवाय आत फॉर्मॅलिन, म्हणजे डीएनए काढायची सोयही गेली. तिसरं पार्सल जिवंत वाण्यांचं होतं, पण डबा हवाबंद. या गोल वाणीच्या अंगावर दोन्ही बाजूंनी बारीक छिद्रं असतात. डिवचलं की त्यांतून बेन्झोक्विनोन नावाचं तिखट द्रव्य येतं, त्यानेच आपली बोटं पिवळी-तपकिरी होतात. बंद डब्यात वाण्या स्वतःच्याच वासाने मेल्या आणि पोचेपर्यंत सडल्या. विचारलं तर उत्तर आलं, "किडाच आहे ना, दुसरा पाठवू."

तुम्ही खिळा तापवून झाकणाला भोकं पाडली होती. खाली ओला पाला, त्याच झाडाचा. नऊच्या नऊ जिवंत पोचल्या, म्हणून रंगासकट फोटो काढता आले. पायांचा रंग अल्कोहोलात उतरतो, नंतर कितीही चांगला कॅमेरा आणला तरी तो परत येत नाही.

नऊपैकी तीन नर होते, आणि काम झालं ते त्या तिघांमुळे. गोल अंगाच्या वाण्या वरून एकमेकींसारख्याच दिसतात, त्यामुळे जात ओळखायची ती नराच्या अंगाच्या सातव्या कड्यावरून. तिथले पाय बदलून मीलनाचे अवयव झालेले असतात, त्यांना गोनोपॉड म्हणतात. ते आत ओढलेले असल्याने पालथं करून पाहिलं की पायांच्या रांगेत तिथे फट दिसते. प्रत्येक जातीचे गोनोपॉड वेगळ्या घडणीचे. आधी वाणी थंड करून सुस्त करायची, नाहीतर ती गुंडाळी करूनच मरते आणि सातवं कडं आतल्या आत दडतं. मग सत्तर टक्के अल्कोहोल. दुसऱ्या दिवशी ते बदलायचं, कारण अंगातलं पाणी आणि ते तपकिरी द्रव्य उतरून अल्कोहोल पातळ पडतं. डीएनएसाठी दोन-चार पाय वेगळ्या कुपीत, पंचाण्णव टक्क्यांत. अख्खा नमुना त्यात ठेवला की कडक होतो, आणि गोनोपॉड बाहेर काढायला बारीक चिमटा लावला की मोडतो. नर एकच असता तर त्याचे गोनोपॉड काढायचा धोका कुणी पत्करला नसता. पिल्लं या कामी नाहीत. प्रत्येक कातीला त्यांची कडी आणि पाय वाढत जातात, आज मोजलेली कडी उद्याची नसतात.

त्या तिघांतला एक आता या जातीचा मूळ नमुना, होलोटाइप. पुढे कुणालाही शंका आली तर त्यालाच काढून बघायचं. जैवविविधता कायदा 2002 मधला आहे, त्यानुसार नव्या जातीचा नमुना सरकारने नेमलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. तसा तो जाईल, आणि त्याच्याबरोबर तुमची चिठ्ठीही जाईल. संग्रहाची रीतच अशी की नवं छापील लेबल घातलं तरी मूळ लेबल कधी काढायचं नाही, मग ते कोणत्याही बोलीत असो. चिठ्ठीचा एक कोपरा वाण्यांनी कुरतडलेला आहे, तोही तसाच राहील. पेन्सिलीला अल्कोहोल काही करत नाही. अक्षर तुम्ही लिहिलं तसंच आहे, 'झाडखाल'मधला ख जरा वर चढलेला.

माणूस मोठा कशाने होतो ते आम्हाला ठाऊक नाही, पण पाहिलं तेवढंच आणि जिथे पाहिलं तिथलंच लिहिणारी माणसं फार थोडी. तुम्ही 'बांधावर सापडली' एवढं लिहून मोकळे झाला असता तरी कुणी बोट दाखवलं नसतं.

नावाचं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "किड्याला माझं नाव? नातवंडं हसतील." मान्य. ठरलेलं नाव इथे लिहीत नाही. वर्णनाशिवाय नुसतं नाव आधी छापलं तर ते शास्त्रात धरत नाहीत.

एक काम मात्र राहिलंय. तीन नर, सहा पिल्लं, मोठी मादी एकही नाही. मादीच्या सातव्या कड्याला फट नसते, पायांची रांग सलग चालते. यंदा पाऊस पडून गेला की त्याच अंजनाखाली रात्री एकदा बॅटरी मारून बघा. मिळाली तर पाल्यासकट ठेवा, झाकणाला भोकं पाडा, आणि चिठ्ठी घालायचं सांगायला नकोच.