सिस्टर ओरडली त्याबद्दल

चि. सोनू,

तुझा रात्रीचा मेसेज वाचला. आत्याचा फोन आला की तू तापणार हे मला माहीतच होतं. "उद्याच्या उद्या मॅनेजमेंटला मेल टाकतो" म्हणून राहिला तू, पण बाप्पा, आधी पूर्ण तर ऐकून घे. आजीला बोलता येत नसलं तरी ऐकू सगळं येतं, तिच्या बेडजवळ बसून फोनवर हे कसं बोलू, म्हणून लिहून राहिली.

झालं असं की दुपारची वेळ, बाहेर 45 डिग्री, आत्या घामाघूम होऊन आली. आजी जिभेने ओठ ओले करून राहिली होती. लेकीचं मन, राहवलं नाही, तिने बाटलीतलं पाणी चमच्याने आजीच्या तोंडात सोडलं. सिस्टर समोरच्या पेशंटचं सलाईन लावत होती, तिथूनच ओरडली, "काय करून राहिले मॅडम, बंद करा आधी!" आणि धावत येऊन हातातून चमचा काढूनच घेतला. पूर्ण वॉर्ड पाहून राहिला. आत्याचा अपमान झाला, ते मी नाकारत नाही.

पण लकव्याने आजीचा फक्त उजवा हात-पाय गेला नाही, गिळणंही गेलंय. आपण घोट घेतो तो अन्ननलिकेत जातो, तिचा सरळ फुप्फुसात जाऊ शकतो, आणि या वयात त्यातून न्यूमोनिया झाला की मग लकवा परवडला म्हणायची वेळ येते. तिचं जेवण-पाणी नाकातल्या नळीने जातं ते त्याच्यासाठीच. सिस्टरने लगेच बेडचं डोकं वर केलं, मशीनने घशातलं पाणी ओढून घेतलं, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत दर थोड्या वेळाने येऊन श्वास कसा चाललाय ते पाहून जायची. मग आत्यालाच बोलावून दाखवलं की गॉज ओलं करून, पिळून, ओठांवरून असं फिरवायचं. हा भाग आत्याने तुला सांगितला का? नसेलच.

तुला वाटतं दया म्हणजे गोड बोलणं. रिसेप्शनवरची मुलगी खूप गोड बोलते रे, बिल देतानाही गोड बोलते.

मी रात्री इथे असते म्हणून मला दिसतं. दर दोन तासांनी आजीला कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात, त्या एकदा झाल्या की भरता भरत नाहीत. रात्री दोन वाजता, जेव्हा मला खुर्चीतून उठवत नाही, तेव्हा हीच सिस्टर मावशीला घेऊन येते. दोघी चादरीला धरून आजीला अलगद वळवतात, गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा हवेत राहतील अशी पोटरीखाली दुसरी उशी, खालच्या चादरीची एकेक चुणी हाताने सरळ करतात, आणि पाठ लाल झाली का ते टॉर्चने पाहतात. दरवेळी आधी कानाशी सांगते, "आजी, आता खिडकीकडे वळायचं हं." उत्तर येणार नाही हे माहीत असून सांगते. डायपर बदलताना आधी पडदा ओढते. मी घरची सून, मलाही पहिल्यांदा कसंसं झालं होतं, तिच्या कपाळावर आठी नाही. मग जाऊन किती फीड गेलं, लघवी किती झाली, सगळं चार्टवर लिहायचं.

तुला मुंबईच्या केईएमच्या अरुणा शानबाग आठवतात का? स्वतः नर्स होत्या, 1973 मध्ये हॉस्पिटलमध्येच त्यांच्यावर हल्ला झाला आणि 2015 मध्ये जाईपर्यंत त्या अंथरुणावरच होत्या. जवळजवळ 42 वर्षं तिथल्या नर्सेसनी त्यांना भरवलं, पुसलं, कुशी बदलल्या. नंतर आलेल्या मुलींनी तर त्यांना चालता-बोलताना कधी पाहिलंही नव्हतं. त्यांच्या दयामरणाचा अर्ज सुप्रीम कोर्टात गेला होता, 2011 च्या निकालात त्यांच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या स्टाफचा, असं कोर्टाने मानलं. आणि स्टाफला त्या हव्या होत्या. दयामरण बरोबर की चूक हा वाद वेगळा, माझंही मत पक्कं नाही. पण एवढी वर्षं रोज उठून तेच काम करणं, मला तर विचारानेच थकायला होतं.

परवा 12 मे ला नर्सेस डे झाला, फ्लोरेन्स नाइटिंगेलचा वाढदिवस. इथे फुगे लावले, केक कापला, फोटो काढले, आणि लगेच सगळ्या परत वॉर्डात. तिच्या हातातला दिवाच सगळ्यांना आठवतो, पण क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईने जास्त सैनिक मरतात हे तिने आकडे मांडून सरकारला दाखवलं होतं. त्यामुळे आमच्या सिस्टरच्या चार्टला तू "नुसती लिहित बसते" म्हणू नको.

ही पोरगी भंडाऱ्याकडची आहे, तुझ्यापेक्षा लहानच असेल. रात्री पूर्ण वॉर्डाला ती एकटी. एकीकडे सलाईन संपलं, दुसरीकडे बीपी पडला, तिसरीकडे नातेवाईक एसी वाढवा म्हणून भांडून राहिले. अशात आवाज चढणारच. मेल टाकायचाच असेल ना तर रात्री अजून एक सिस्टर द्या म्हणून टाक, त्याच्यावर सही मी पण करते.

आत्याला फोन कर, पण तिला शिकवायला जाऊ नको. तीही घाबरलेली आहे, आईला पाणी देता येत नाही याचंच तिला रडू येऊन राहिलं. आणि शनिवारी येताना मागून उघडणारे सुती गाऊन आण दोन-तीन, इथल्या कपड्यांनी आजीला खाज सुटते. मिठाई आणू नको, सिस्टर म्हणाली त्यापेक्षा भेटायला येणारे कमी करा.

तुझी,
आई