घरी असणाऱ्या आईलाही पंप लागतो

महोदय,

स्तनपानाविषयी जे मार्गदर्शन छापून येते, त्यात दूध काढून ठेवण्याचा विषय बहुधा नोकरीवर परतणाऱ्या मातांपुरताच असतो. बाळाजवळ चोवीस तास असणाऱ्या बाईला ब्रेस्ट पंप कशाला हवा, असे त्यात गृहीत धरलेले असते आणि घरची माणसेही तिला हेच विचारतात. मी घरीच असते, बाळाला अंगावर पाजते आणि तरीही दिवसातून एकदा काढलेले दूध बाटलीने देते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

घरी असलेली आईही आजारी पडते, तिलाही दवाखान्यात जावे लागते. आणि यांपैकी काही नसले, तरी रात्रभर दर दोन-तीन तासांनी उठणाऱ्या बाईने सलग चार तासांची झोप मागणे ही चैन नव्हे. बाटली दिसली की ‘वरचे दूध सुरू केले का?’ असे विचारले जाते. बाटलीत आईचेच दूध असते. पहिले ६ महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस काढून ठेवलेल्या दुधानेही पाळली जाते.

मात्र नोकरदार आईला दिला जाणारा सल्ला घरी असणारीने जसाच्या तसा उचलू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. स्तनांतून जितके दूध निघते, त्या मानाने नवे तयार होते. बाळ दिवसभर अंगावर पीत असताना प्रत्येक पाजण्यानंतर पंपही लावला, तर दूध गरजेपेक्षा जास्त येऊ लागते, स्तन दाटतात, ठणकतात, प्रसंगी सूज येऊन ताप भरतो. फ्रीजर भरून ठेवण्याची तिला गरज नसते. एका बाटलीपुरते दूध पुरते आणि ते बहुतेकींना सकाळी अधिक सहज निघते. पहिल्या पाजण्यानंतर तासाभराने एकदा पंप लावावा. एका वेळी ६० ते १२० मिलिलिटर लागते. तेवढे एकदम निघाले नाही, तर दोन वेळचे एकत्र करावे, पण ताजे दूध आधी थंड करूनच मिसळावे. पंपात कमी दिसले म्हणजे अंगावर दूध कमी, असा निष्कर्ष मुळीच काढू नये, कारण बाळ यंत्रापेक्षा चांगले ओढते. पंप लावताना दुखत असेल, तर पंपाच्या, स्तनावर बसणाऱ्या फनेलचे माप बदलून पाहावे. बाळाला दुसरे कोणी बाटली देत असेल, तर त्या सुमारास आईने पंप लावावा, नाहीतर दाटते आणि पुढे दूध कमीही होते.

काढलेले दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात ४ तास आणि फ्रिजमध्ये, दारात न ठेवता आतल्या बाजूला, ४ दिवस चांगले राहते. ते कोमट पाण्यात बाटली धरून गरम करावे, मायक्रोव्हेवमध्ये कधीही नको. त्यात दूध कुठे गार, कुठे तोंड भाजण्याइतके गरम राहते. बाळाने उरवलेले २ तासांत वापरावे, नाहीतर टाकून द्यावे.

अंगावर पिणे नीट बसल्यावर, साधारण ३-४ आठवड्यांनी, बाटलीची ओळख करून द्यावी. आईच्या हातून बाळ ती बहुधा नाकारते. दुधाचा वास समोर असताना रबराचे निपल जिभेने बाहेर ढकलणे त्याच्या दृष्टीने अगदी योग्यच आहे. म्हणून पहिल्या वेळी बाबांनी किंवा आजीने ती द्यावी आणि आईने दुसऱ्या खोलीत जावे. बाळ भुकेने रडायला लागण्याआधीच, ते शांत असताना, निपल ओठांना लावून ते स्वतः तोंड उघडेपर्यंत थांबावे. बाळाला जवळजवळ बसते धरावे, बाटली आडवी ठेवावी, निपल सावकाश दूध येणारे असावे आणि मध्ये-मध्ये बाटली खाली करून त्याला श्वास घेऊ द्यावा. दूध घाईने घशात गेले, तर पोट भरल्याचे त्याला वेळेवर कळत नाही. त्याने तोंड फिरवले की थांबावे. तरीही बाटली धरली नाही, तर स्वच्छ वाटी-चमच्याने देता येते.

प्रसूतीनंतर घरी सोडताना ‘नोकरी करता का?’ एवढे विचारून हा विषय मिटवला जाऊ नये. दूध किती आणि केव्हा काढायचे, हे डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी प्रत्येक आईला प्रत्यक्ष दाखवावे आणि आपल्या आरोग्यविषयक पानावरही घरी असणाऱ्या मातांसाठी ही माहिती स्वतंत्रपणे द्यावी, अशी विनंती आहे.

आपली,
एक वाचक माता