बाईंची पट्टी

प्रिय सुध्या,

आपल्या गाणाऱ्या बाईंची रेकॉर्ड सापडली! तीच, जी निघालीच नाही म्हणून तू माईशी पैज लावली होतीस. मसाला डोसा तिच्या नावाने मला लागू. गुडघा ठीक, साखर आटोक्यात.

पण झोप उडाली आहे. वेग तपासायची 77 रेघांची कागदी चकती रेकॉर्डवर ठेवली, 50 हर्ट्झच्या जुन्या ट्यूबखाली रेघा थांबल्यासारख्या दिसेपर्यंत वेग जुळवला. म्हणजे मिनिटाला 77.92 फेरे, अगदी चोख. सा पेटीच्या पांढरी सहावर. आणि आवाज? बारीक, चिवचिवता. आकाराचा 'ॲ' होतोय. मग वेग उतरवत 73.5 वर आणला. अर्धा स्वर खाली, काळी चार. आकार उघडला, कोमल गंधारावरचं ते रेंगाळणं आलं आणि मी 'बाई!' म्हणून ओरडलोच. सरिता पोळी तव्यावर टाकून धावत आली.

घोळ असा की रेकॉर्डमधली साथीची पेटी माझ्या पेटीशी दोन्हीकडे सुरात लागते. मधले वेग ती बाद करते, पण अर्ध्या स्वराच्या अंतरावरचे हे दोन्ही तिला चालतात. मेणावर कोरणारी यंत्रं तेव्हा खाली उतरणाऱ्या वजनावर चालत, वेग माणूस जुळवायचा. लेबलवर 78 छापलंय त्यावर किती विसंबू? गायिका गौहरजानच्या 1902 च्या रेकॉर्डमध्ये शेवटी ती स्वतःचं नाव सांगते, त्या बोलण्यावरून काही अंदाज तरी बांधता येतो. इथे तीन मिनिटं नुसतं गाणं.

तू म्हणशील, तान ऐक. सांगलीच्या एस.टी.त यावरूनच तू दोन स्टॉप आधी उतरला होतास! 78 वर तान लखलखते, तू म्हणायचास तशीच. पण सुध्या, आपण बाईंना ऐकलं ते साठीनंतर, आवाज उतरल्यावर. मग 73.5 वर मला भेटतायत त्या खऱ्या बाई, की विशीतल्या पोरीला मीच म्हातारी करतोय?

बाईंच्या नातीला कॉपी हवी आहे. तिने आजीला कधी ऐकलेलंच नाही. मी देईन तोच तिच्यासाठी आजीचा आवाज.

नव्या घरात सामान लागलं का? मुग्धाच्या बाळाला आशीर्वाद.

दोन्ही फायली पाठवतोय, 'क' आणि 'ख'. वेग सांगत नाही. पेटी काढू नकोस, नुसतं ऐक आणि फोन कर. रात्री कितीही वाजू देत.

तुझा,
बाळ्या