आईच्या गुडघ्याचं यंत्र

ती. आई-बाबांना सा. न.,

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दुखणं कमी व्हावं म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं पीईएमएफचं, म्हणजे चुंबकीय ठोके देणारं, यंत्र सुरू करण्याआधी हे वाचा. पट्ट्यातल्या तारेच्या वेटोळ्यातून विजेचे छोटे ठोके जातात, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते बँडेजमधून, कपड्यातून आत पोचतं. म्हणून बँडेज सोडू नका. ना शेक लागत, ना मुंग्या येत. आई, ‘काहीच होत नाही’ म्हणून तू ते काढून ठेवशील याचीच मला धास्ती आहे. दिवा लागलाय ना, चार्जिंग आहे ना, एवढंच बघ.

बाबा, तुमच्या छातीत पेसमेकर आहे. पट्टा तुम्ही बांधायचा नाही, उचलूनही ठेवायचा नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारेपर्यंत यंत्र चालू असताना दुसऱ्या खोलीत बसा.

वेटोळ्याचा मध्य बरोबर गुडघ्याच्या वाटीवर हवा. अंतर वाढलं की क्षेत्र झपाट्यानं कमी होतं. पट्टा मांडीकडे चार बोटं सरकला तरी सांध्याला फारसं काही मिळत नाही. चालताना तो हमखास सरकतो, म्हणून आडवी होऊन लाव. खाली दोन बोटं सहज जातील इतकाच आवळ, कारण संध्याकाळी सूज वाढते आणि तोच पट्टा काचतो. काढल्यावर कातडी लाल झाली आहे का ते पाहा. वेळ डॉक्टरांनी लिहिली आहे तेवढीच. काही यंत्रं अर्धा तास लावायची असतात, काही दिवसाला चार तास, त्यामुळे शेजाऱ्यांचं ऐकू नका.

फिजिओथेरपीत डायथर्मी म्हणून शेकाचं वेगळं मशीन असतं. ते आईला चालणार नाही. ऑपरेशनमध्ये सांध्यात बसवलेला धातू तापून आतून भाजू शकतं. कुणी शेक द्यायला आलं तर आधी तेवढं सांगा.

हे तंत्र जुनं आहे. न जुळणाऱ्या हाडांसाठी अमेरिकेत १९७९ मध्येच त्याला मान्यता मिळाली. ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर मात्र अनुभव संमिश्र आहे: काही चाचण्यांत गोळ्या कमी लागल्या, काहींत फरक दिसला नाही. तेव्हा आई, गोळ्या मनानं बंद करू नकोस आणि घोट्याचे, मांडीचे व्यायाम चुकवू नकोस. गुडघा वाकतो तो व्यायामानंच.

पोटरी दुखून सुजली, ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, तर यंत्र बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना फोन करा. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थेट हॉस्पिटल गाठा, मग मला कळवा.

तुमची,
धाकटी